स्प्लेंडरच्या क्लचचा आवाज : कुठून येतो, कसा शोधायचा, कोणता पार्ट आणायचा

गाडी न्यूट्रलला चालू आहे, उजव्या बाजूने खडखड येतेय आणि क्लच दाबला की आवाज गायब. बहुतेक गॅरेजांत यावर ठरलेलं उत्तर मिळतं : "क्लच प्लेटा गेल्या." प्लेटा बदलतात, नवं ऑइल पडतं, दोन दिवस आवाज दबल्यासारखा वाटतो आणि पुन्हा सुरू होतो. झिजलेल्या प्लेटा घसरतात. रेस दिली की इंजिन ओरडतं, गाडी मात्र ओढत नाही. चढाला दम टाकते. खडखडाट करणं हा प्लेटांचा स्वभाव नाही. आवाज करतात ते त्यांच्या आजूबाजूचे भाग : हाऊसिंग (प्लेटा ज्यात बसतात तो डबा), त्याचं बुश (ज्यावर ते शाफ्टवर फिरतं ती धातूची नळी), रिलीज बेअरिंग आणि कधी कधी गिअरबॉक्सचं बेअरिंग.

इथे उदाहरण घेतलंय ते ९७.२ सीसीच्या स्प्लेंडरचं. १९९४पासून रस्त्यावर असलेली ही गाडी; एचएफ डिलक्स आणि पॅशन प्लस त्याच इंजिनाच्या घराण्यातल्या. सुपर स्प्लेंडर १२५ किंवा आयस्मार्ट ११० यांची इंजिनं वेगळी, त्यामुळे त्यांचे पार्ट वेगळे. पण ज्या गाडीचा क्लच गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टवर बसतो आणि ऑइलमध्ये चालतो, तिला खालची तपासणी जशीच्या तशी लागू पडते.

आत काय फिरतं, कशावर फिरतं

क्रँकच्या उजव्या टोकाला छोटा प्रायमरी गिअर असतो. तो क्लचच्या मोठ्या गिअरला फिरवतो. हा मोठा गिअर क्लच हाऊसिंगला रिपिटांनी (रिव्हेटांनी) जोडलेला असतो आणि दोघांच्या मध्ये झटके पचवायला स्प्रिंगा किंवा रबरं असतात; हेच डँपर. हाऊसिंगच्या उभ्या खाचांत फ्रिक्शन प्लेटांचे कान अडकतात. आतल्या क्लच सेंटरच्या दातांवर स्टील प्लेटा बसतात. सेंटर मेन शाफ्टवर पक्का असतो. हाऊसिंग मात्र त्याच शाफ्टवर बुशच्या आधाराने मोकळं असतं. स्प्रिंगा प्लेटांना दाबून धरतात. क्लच दाबला की लिफ्टर प्लेटमधलं छोटं रिलीज बेअरिंग ढकललं जातं आणि तो दाब सुटतो.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवलेला बरा. दुकानात "प्रेशर प्लेट" म्हटलं की बरेचदा स्टील प्लेटांचा सेट हातात पडतो. खरी प्रेशर प्लेट म्हणजे सगळ्या प्लेटांना शेवटून दाबणारी अ‍ॅल्युमिनियमची जाड तबकडी. हाऊसिंगलाही कुणी "बेल" म्हणतं, कुणी "ड्रम", कुणी "आउटर". म्हणून जुना पार्ट सोबत नेणं सगळ्यांत सोपं.

क्लच सोडलेला असतो तेव्हा हाऊसिंग, सेंटर आणि मेन शाफ्ट एकत्र फिरतात, त्यामुळे हाऊसिंगच्या बुशमध्ये घासाघीस होत नाही. क्लच दाबला की हाऊसिंग फिरत राहतं आणि शाफ्ट मंदावतो. तेव्हा बुशवर काम पडतं. रिलीज बेअरिंगचं गणित वेगळं. ते सेंटरसोबत फिरतं, म्हणून सेंटर थांबला की तेही थांबतं. पुढची सगळी परीक्षा या दोन गोष्टींवर उभी आहे.

आधी ऑइल आणि केबल

गाडी मेन स्टँडवर सपाट जागी लावा. दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा. डिपस्टिक पुसून परत घाला, पण आट्यांत फिरवू नका. नुसती टेकवून पातळी बघा. ऑइल कमी असेल तर आधी तेवढं भरून आवाज ऐका. ग्रेड १०डब्ल्यू-३० आणि डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचसाठीचा दर्जा) असा छाप हवा. जासो एमबी हे स्कूटरसाठी, जिथे क्लच ऑइलमध्ये नसतो. कारचं ऑइल टाकलं असेल तर त्यातली घर्षण कमी करणारी द्रव्यं प्लेटा घसरवतात.

मग लिव्हर. टोकाशी १० ते २० मिमी मोकळी हालचाल हवी. ती शून्य असेल तर रिलीज बेअरिंग सतत दाबाखाली फिरतं, लवकर आवाज धरतं, आणि प्लेटाही अर्धवट सुटलेल्या राहून जळतात. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना कर्र होतं. बारीक फरक लिव्हरजवळच्या अ‍ॅडजस्टरने काढा, मोठा फरक इंजिनाकडच्या नटाने. वरचा अ‍ॅडजस्टर शेवटच्या आट्यांपर्यंत बाहेर आला असेल तर केबल ताणली गेलीय, ती बदला.

स्लो रनिंग फार खाली ठेवलं असेल तर तेही आधी वाढवून बघा. एक सिलिंडरचं इंजिन स्लोला झटके देत फिरतं आणि थोडेसे ढिले गिअरही तेव्हा खडखडतात. नेहमीच्या स्लोला आवाज गेला, तर काहीच उघडू नका.

चार स्थितींत कान लावा

इंजिन गरम हवं. थंड, जाड ऑइल बरेच आवाज लपवतं. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक उजव्या कव्हरवर क्लचच्या फुगीर भागाशी टेकवा आणि मुठीचा भाग कानाच्या हाडाला लावा. नंतर तेच डाव्या बाजूला, आणि हेडवर. या इंजिनाची टायमिंग चेन डावीकडे असते. आवाज डावीकडे मोठा असेल तर क्लचला हात लावायचं कारण नाही. हेडवर टिकटिक असेल तर टॅपेट.

पहिली स्थिती : न्यूट्रल, क्लचचा लिव्हर पूर्ण सोडलेला. आता क्रँकपासून गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टपर्यंत सगळं फिरतंय. इथे येणारा आवाज नीट ओळखा. अनियमित खडखड, जी किंचित रेस दिली की दबते, ती हाऊसिंगच्या ढिल्या रिपिटांची, थकलेल्या डँपर स्प्रिंगांची किंवा खाचांत झालेल्या खड्ड्यांची. सलग घरघर, जी रेससोबत चढत जाते, ती बेअरिंगची.

दुसरी स्थिती : न्यूट्रलच, पण लिव्हर फक्त मोकळी चाल संपेपर्यंत ओढा. प्लेटांवरचा दाब अजून सुटलेला नाही, सेंटर पूर्ण वेगात फिरतोय, आणि रिलीज बेअरिंगवर दाब आलाय. इथे किरकिर किंवा शिट्टीसारखा आवाज नव्याने सुरू झाला तर रिलीज बेअरिंग, नाहीतर त्याला ढकलणारा रॉड. ही स्थिती बहुतेक जण वगळतात. लिव्हर एकदम आत खेचून "आवाज गेला" म्हणतात, आणि गेलेलं बेअरिंग तसंच आत राहतं.

तिसरी स्थिती : गाडी दोन्ही चाकांवर, मागचा ब्रेक दाबलेला, क्लच पूर्ण आत, पहिला गिअर टाकलेला. न्यूट्रलमध्ये नुसता क्लच दाबून भागत नाही, कारण ऑइलच्या चिकटपणामुळे शाफ्ट थोडा फिरत राहतो. गिअरमध्ये तो नक्की थांबतो. आता फिरतंय फक्त क्रँक आणि हाऊसिंग. आवाज इथेही असेल किंवा इथेच वाढला असेल, तर हाऊसिंगचं बुश किंवा प्रायमरी गिअर. इथे पूर्ण शांतता आणि पहिल्या स्थितीत सलग घरघर असेल, तर मेन शाफ्टचं बेअरिंग. ते निदान पक्कं असेल तर क्लच उघडून काही मिळायचं नाही.

चौथी रस्त्यावर. हळू सुटताना गाडी थरथरत पुढे गेली तर वाकलेल्या स्टील प्लेटा किंवा खाचा खाल्लेलं हाऊसिंग. रेस सोडल्यावर, गाडी इंजिनाला ओढत असताना खडखड वाढली तर डँपर स्प्रिंगा. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग चढत नाही, हे घसरणं; तिथे मात्र प्लेटाच.

उघडताना

लागणारं सामान : ८ आणि १० मिमीचा टी-पाना, १७चा पाना ड्रेन बोल्टसाठी, रबरी किंवा लाकडी हातोडी, सर्कलिप पक्कड, चार दातांचा क्लच नट सॉकेट, व्हर्नियर, फिलर गेज, सपाट काच. उजव्या कव्हरचं पॅकिंग आणि ड्रेन बोल्टचं वायसर नवं आणून ठेवा, मगच सुरुवात करा. जुनं पॅकिंग अखंड निघेल या आशेवर काम काढू नये.

ऑइल गरम असताना काढा आणि पांढऱ्या ट्रेमध्ये काढा, म्हणजे त्यातलं दिसतं. काळा लगदा म्हणजे फ्रिक्शन प्लेटांचं मटेरियल. चंदेरी चकाकी म्हणजे हाऊसिंगचं किंवा सेंटरचं अ‍ॅल्युमिनियम. पिवळट कण म्हणजे बुश. चुंबकाला चिकटणारे टोकदार तुकडे दिसले तर गिअर किंवा बेअरिंगचा विचार करा.

किक, फूटरेस्ट आणि सायलेन्सर बाजूला करून केबल आर्ममधून सोडवा. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर इंजिनाच्या आट्या जातात किंवा कव्हर फुटतं, आणि दोन्ही खर्च क्लचपेक्षा जड असतात. कव्हर चिकटलं असेल तर हातोडीने कडेला हलके ठोके द्या. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की तिथे ओरखडा पडतो आणि त्याच जागेतून पुढे ऑइल गळतं.

लिफ्टर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, पाव-पाव फेरा ढिले करा. एकच बोल्ट आधी पूर्ण काढला तर प्लेट तिरकी होऊन बाकीचे बोल्ट जिथे बसतात ते खांब तुटतात. सेंटर काही गाड्यांवर सर्कलिपने धरलेला असतो, काहींवर चार दाती नटाने. त्या नटावर छिन्नी-हातोडी चालवण्याची सवय फार आहे. नट पिचतो आणि लोखंडाचा कीस आत पडतो. सॉकेट स्वस्त आहे. प्लेटा काढताना मोबाइलवर फोटो घ्या : संख्या, क्रम, आणि शेवटच्या प्लेटचे कान कुठल्या खाचेत आहेत ते. गठ्ठा फ्रिक्शन प्लेटने सुरू होतो आणि फ्रिक्शनवरच संपतो, म्हणून फ्रिक्शन प्लेट स्टीलपेक्षा एक जास्त असते.

मोजमाप आणि हाताची परीक्षा

फ्रिक्शन प्लेटची जाडी व्हर्नियरने चार जागी मोजा. नवी साधारण ३ मिमी असते, २.६च्या खाली गेली की बदला. जाडी शिल्लक असून पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल किंवा जळका वास येत असेल तरी ती गेलीच. स्टील प्लेट काचेवर ठेवा, खालून ०.२० मिमीची फिलर पट्टी घालून बघा. आत गेली तर प्लेट वाकलीय. निळे डाग म्हणजे तापलेली. स्प्रिंगा काचेवर शेजारी शेजारी उभ्या करा. एक जरी आखूड दिसली तरी सगळा संच बदलायचा.

आवाजाचा गुन्हेगार मात्र बहुतेक हाऊसिंगमध्ये सापडतो. मोठा गिअर एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने हाऊसिंग मागेपुढे पिळा. स्प्रिंगचा ताण लगेच जाणवायला हवा. आधी मोकळं फिरतं आणि मग ताण येतो, असं असेल तर डँपर थकले. मग गिअर वरखाली हलवा. कटकट झाली तर रिपिटं ढिली. खाचांच्या कडांवरून नख फिरवा. प्लेटांचे कान आपटून तिथे पायऱ्या पडतात. अगदी उथळ असतील तर बारीक कानशीने कड सपाट करता येते, पण जितकं घासाल तितकी प्लेटांची हालचाल वाढते आणि खडखडही. नख अडकून थांबतं इतकी खोल पायरी असेल तर हाऊसिंग बदला.

हाऊसिंग शाफ्टवर परत चढवून डोलवून बघा. अगदी किंचित हालचाल चालते. डगमग दिसली तर बुश. बुश आणि शाफ्टचा तो भाग दोन्ही बघा. शाफ्टवर खोल चर पडला असेल तर नवं बुश फार दिवस टिकणार नाही. रिलीज बेअरिंग बोटावर फिरवा, ऑइल पुसून आणि किंचित दाब देऊन. खरखर लागली तर बाद.

इतकं उघडलंच आहे तर क्रँकच्या टोकावरचा ऑइल गाळणारा रोटरही तीन स्क्रू काढून साफ करा. त्यात साचलेला गाळ बऱ्याच गाड्यांत वर्षानुवर्षं कुणी काढलेला नसतो. त्याच्या मागचा नट घट्ट आहे का तेही बघा, कारण ढिला प्रायमरी गिअर हुबेहूब क्लचसारखा ठोकतो.

पार्ट आणताना

नुसतं "स्प्लेंडरचा क्लच द्या" म्हणू नका. मॉडेल, वर्ष, चेसिस नंबर आणि जुना पार्ट, एवढं सोबत न्या. स्प्लेंडर मुळात हिरो होंडाची, म्हणून होंडाच्या पद्धतीने पार्ट नंबरचे पहिले पाच आकडे पार्टचा प्रकार सांगतात आणि पुढची तीन अक्षरं तो मुळात कोणत्या मॉडेलसाठी बनला ते. लक्षात ठेवण्यासारखे काही : २२१०० हाऊसिंग, २२१२१ सेंटर, २२२०१ फ्रिक्शन प्लेट, २२३२१ स्टील प्लेट, २२३५० प्रेशर प्लेट, २२४०१ स्प्रिंग, २२८७० केबल. मधली अक्षरं दुसऱ्याच मॉडेलची दिसली म्हणून पाकीट परत करू नका. एकच पार्ट अनेक मॉडेलांत चालतो. दुकानदाराला चेसिस नंबरवरून पार्ट कॅटलॉग उघडायला लावा.

पहिली पसंती हिरो जेन्युइनच्या सीलबंद पाकिटाला. त्यानंतर एफसीसीसारखी, होंडा आणि हिरोला क्लच पुरवणारी कंपनी. वाळूजची एन्ड्युरन्सही क्लच बनवते. तिचा पार्ट घेताना आपल्या मॉडेलचा नंबर पाकिटावर आहे का तेवढं बघा. पुण्यात नाना पेठेत सगळं एका रस्त्यावर मिळतं. दिल्लीच्या करोल बागेतून मागवता येतं, पण तिथल्या मालात अस्सल आणि नक्कल शेजारी शेजारी असतात. ऑनलाइन घेताना फोटोवर विसंबू नका; पार्ट नंबर आणि परतीची अट बघा.

नक्कल ओळखायची तर पाकिटापेक्षा प्लेट बघा. एका सेटमधल्या सगळ्या प्लेटांची जाडी सारखी हवी. दोन-तीन मोजल्या तरी कळतं. घर्षणाचे तुकडे सरळ रेषेत, समान अंतरावर, गोंद बाहेर न आलेला. कानांच्या कडा गुळगुळीत. स्टील प्लेटच्या एका कडेला नखाला लागणारी धार राहिली असेल तर ती ठोकून काढलेली स्वस्त प्लेट. ती सेंटरचे दात खाते.

काय काय बदलायचं? फक्त घसरत असेल तर फ्रिक्शन प्लेटा आणि स्प्रिंगा, स्टील सपाट असेल तर तीच ठेवा. खडखड असेल आणि हाऊसिंग दोषी असेल तर हाऊसिंग नवं, पण जुन्या कानांच्या प्लेटा नव्या खाचांत घालू नका. दोन्ही एकत्र बदला. हाऊसिंग आणि सेंटर दोन्ही खराब असतील तर पूर्ण असेंब्ली सुट्या भागांपेक्षा बरेचदा परवडते. दोन्हीचे भाव विचारूनच ठरवा. "जास्त ताकदीच्या" स्प्रिंगा घेऊ नका. त्या घसरणं काही महिने लपवतात, लिव्हर जड करतात आणि रिलीज बेअरिंगचा बळी घेतात.

लेथवाले जुन्या हाऊसिंगला नवी रिपिटं मारून आणि बुश ठोकून देतात. आरएक्स १००सारख्या बंद झालेल्या गाडीला चांगला कारागीर मिळाला तर ते ठीक. स्प्लेंडरला नवं हाऊसिंग सहज मिळत असताना ही काटकसर करू नये. सुटलेलं रिपिट प्रायमरी गिअरच्या दातांत गेलं की दोन्ही गिअर जातात.

रिलीज बेअरिंग गाडीच्या दुकानातून घ्यायलाच हवं असं नाही. कडेवर कोरलेला नंबर वाचा आणि बेअरिंगच्या दुकानातून एसकेएफ किंवा एनबीसीचं तेच घ्या. नंबरापुढे सी३ (आत नेहमीपेक्षा जास्त फट) लिहिलं असेल तर सी३च. दोन्ही बाजूंनी रबरी झाकणाचं नको, उघडं हवं. त्याला इंजिनाच्याच ऑइलने चालायचं असतं.

परत बसवणं

नव्या फ्रिक्शन प्लेटा इंजिन ऑइलमध्ये किमान अर्धा तास बुडवून ठेवा, रात्रभर ठेवल्या तर उत्तम. कोरड्या प्लेटा पहिल्याच दिवशी चिकटतात किंवा जळतात. लिफ्टर प्लेटचे ६ मिमी बोल्ट समोरासमोर कसा, साधारण १२ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर छोट्या टी-पान्याने मनगटाच्या जोरावर. पाइप लावून ओढलं की अ‍ॅल्युमिनियमच्या आट्या निघून येतात.

जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. दोन्ही डावेल पिना जागेवर आहेत ना ते बघा; एक हरवली की कव्हर सरकतं आणि पॅकिंग चिमटतं. सीलंटचा जाड थर लावू नका. आत पडलेले त्याचे धागे ऑइलच्या जाळीत अडकतात. कव्हर हाताने पूर्ण टेकायला हवं. बोल्ट आवळून बसवावं लागत असेल तर काहीतरी अडकलंय, बहुधा किकची स्प्रिंग किंवा लिफ्टरचा रॉड.

स्प्लेंडरमध्ये ऑइल ९०० मिली घाला, दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून डिपस्टिकने बघा आणि कमी असेल तेवढंच भरा. लिव्हरची १० ते २० मिमी मोकळी चाल पुन्हा लावा. पहिले २००-३०० किलोमीटर क्लच अर्धा दाबून गाडी रेंगाळू देऊ नका, आणि त्यानंतर चाल परत तपासा. नव्या प्लेटा बसल्या की ती बदलते.

बसवल्यावर न्यूट्रल सापडत नसेल किंवा पहिला गिअर धाडकन पडत असेल तर आधी केबल, मग न भिजवलेल्या प्लेटा, मग वाकलेलं स्टील. घसरत असेल तर मोकळी चाल शून्य राहिलीय, ऑइल चुकलंय, किंवा कव्हरमधला लिफ्टर आर्म अडकून परत येत नाही. किक वर येत नसेल तर तिची स्प्रिंग खोबणीत बसलेली नाही. कव्हर परत उघडावंच लागेल.

आणि हे सगळं नवं असून पहिल्या स्थितीतली सलग घरघर तशीच असेल, पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबला की जात असेल, तर मेन शाफ्टचं बेअरिंग. त्यासाठी इंजिन उतरवून दोन अर्ध्यांत उघडावं लागतं. ते काम काढाल तेव्हा मेन शाफ्टसोबत काउंटर शाफ्टची बेअरिंगं, स्प्रॉकेटमागचं ऑइल सील आणि मधलं पॅकिंग एकदमच मागवा. नवीन बसवलेल्या प्लेटा आणि हाऊसिंग मात्र ऑइल लावून पिशवीत जपून ठेवा, ते परत चालतात.